आप्पांची पुस्तिका : कामाच्या नोंदी

१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

आप्पा, म्हणजे माझे आजोबा, गेल्यानंतरची ही पहिली खंडेनवमी. पाटावर नेहमीप्रमाणे चाकाचा पाना, जॅक, हवा बघायचं मीटर आणि माईंची (आजीची) विळी. जॅकवर झेंडूचं फूल ठेवताना धाकट्या काकांना भरून आलं, मग सगळ्यांनीच थोडा वेळ इकडंतिकडं बघितलं. तोफखान्यात २४ वर्षं काढलेल्या माणसाच्या घरी शस्त्रपूजेला पाना कसा, असं मी लहानपणी विचारलं होतं. "ड्रायव्हरचं शस्त्र हेच," म्हणाले होते.

जेवताना दादानं (मोठ्या काकांचा मुलगा) विषय काढला. वर्षश्राद्धाला आप्पांवर एक पुस्तिका काढू. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि काम माझ्या गळ्यात पडलं, कारण नाशिकला अंबडच्या कंपनीत मी क्वालिटीला आहे आणि "तुला कागदपत्रांची सवय आहे." सवय आहे ती रोजच्या रजिस्टरची. मग हेही तसंच लिहिते : तारीख, काय झालं, काय अडलं.

ठरलं ते असं : ३२ पानं, म्हणजे सोळापानी दोन फर्मे. १५० प्रती. मुदत ९ फेब्रुवारी २०२६.

५ ऑक्टोबर, रविवार

विहितगावच्या घरी माळ्यावरून ट्रंक उतरवली. काळी, पत्र्याची. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. हुद्दा दोनदा रंगवून बदललेला : 'गनर'वर 'नाईक', 'नाईक'वर 'हवालदार'. तिरप्या उजेडात तिन्ही वाचता येतात.

आत डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा हुकूम), पदकांची डबी, लोकरीचे मोजे, कधीच न वापरलेली साबणाची वडी, इनलँड पत्रांचा गठ्ठा, मनिऑर्डरच्या पोचांचा त्याहून जाड गठ्ठा. लढाईचं म्हणावं असं काही नाही. एक फोटो आहे, तोही शक्तिमान ट्रकच्या बॉनेटला टेकून, आणि त्यात आप्पांपेक्षा ट्रकच जास्त आलाय.

आप्पांना गेलेल्या पत्रांवर गावाचं नाव नाही. युनिट, आणि खाली '५६ एपीओ'. पलटण कुठं आहे ते बाहेर कळू नये म्हणून सैन्याच्या टपालाची ही सोय. पूर्वेकडं असलं की ९९ एपीओ. लहानपणी मला ५६ एपीओ हे एक गाव वाटायचं, मनमाडच्या पुढं कुठंतरी. माईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मलापण तसंच वाटायचं. लग्न होऊन चार वर्षं झाली होती तरी."

१२ ऑक्टोबर

दिवसभर स्कॅनिंग. टाचण्या गंजून कागदात रुतल्या आहेत, त्या ओढायच्या नाहीत, बोथट सुरीनं दोन्ही बाजूंनी सैल करायच्या. पिवळ्या पडलेल्या चिकटपट्ट्यांना हात लावायचा नाही. पत्रं ६०० डीपीआयला, मूळ प्रत टिफमध्ये, फाइलचं नाव वर्ष-महिना-क्रमांक. दोन इनलँड कसरीनं खाल्लेली आहेत, पण कसर सभ्य निघाली, पत्त्याची बाजू खाल्ली आणि मजकूर ठेवला.

आत्या पदकं घेऊन अंगणात बसलेली सापडली. शेजारी पितांबरीचा डबा. वेळेवर पोचले. पदकाच्या काठावर नंबर आणि नाव कोरलेलं असतं, घासून घासून तेच आधी झिजतं. आत्या रुसली. "काळी पदकं बरी दिसतात का चार लोकांत?" मी म्हटलं, राहू दे काळी.

१९ ऑक्टोबर

चकलीच्या वासात जन्मतारखेचा घोळ. डिस्चार्ज बुकात १ जून १९३६. आपल्याकडं १ जून म्हटलं की समजायचं, मास्तरांनी शाळेत नाव घालताना टाकलेली तारीख. माझ्या ओळखीच्या अर्ध्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस त्याच दिवशी असतो. माई म्हणतात, "सासूबाई सांगायच्या, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला. बैलांच्या अंगावरचा रंग उतरला नव्हता." वर्ष कुणालाच माहीत नाही. भरतीची तारीख मात्र पक्की : १९५४. सहस्रचंद्रदर्शन आपण २०१७ साली जूनच्याच हिशेबानं उरकलं होतं.

निर्णय : मुखपृष्ठाच्या आत कागदावरची तारीख छापायची, पोळा मजकुरात येईल.

त्याच पानावर कारकुनी अक्षरात ओळखीची खूण लिहिली आहे : 'डाव्या भुवईवर जुना व्रण'. बैलानं शिंग मारलं ती गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल. ती सरकारदरबारी नोंदलेली आहे हे आज कळलं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

दादानं मजकूर आणला. मथळा : 'असल उत्तरच्या रणांगणात पॅटन रणगाड्यांचा चक्काचूर करणारा नाशिकचा ढाण्या वाघ'. खाली बॅनरचं डिझाइन, रणगाडा पेटलेला, ज्वाळांत आप्पांचा पासपोर्ट फोटो. वर तिरंगा, कोपऱ्यात दादाचा स्वतःचा फोटो, 'शुभेच्छुक' म्हणून. श्राद्धाला शुभेच्छुक!

मी शांतपणे विचारलं, हे कुठून आलं? तर "सगळे म्हणतात."

असल उत्तर पंजाबात, खेमकरणजवळ. ८ ते १० सप्टेंबर १९६५. शेतांत पाणी सोडलेलं, उभा ऊस, त्यात पाकिस्तानचे पॅटन रुतले. अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या १०६ मिलिमीटरच्या तोफेनं रणगाडे टिपले, तिथंच ते पडले, मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. हे सगळं नोंदलेलं आहे. आप्पांच्या डबीत समर सेवा स्टार आहे, म्हणजे १९६५ला ते लढाईच्या मुलखात होते हे नक्की. कुठं होते ते पदक सांगत नाही. आप्पांनीही सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं तेव्हा ते टायरबद्दल बोलत राहिले.

दादा म्हणाला, "तू कशाला उकरत बसलीस? लोकांना वाचायला बरं वाटतं." कंपनीत असा माल मी होल्डवर टाकते. मजकूर होल्डवर.

२ नोव्हेंबर, रविवार

आप्पांचे जोडीदार सिन्नरच्या पुढं एका वस्तीवर राहतात. सुभेदार म्हणून निवृत्त. दहाव्याला आले होते, तेव्हा काठी टेकत उभे राहून सॅल्यूट केला होता एवढंच आठवत होतं. धाकट्या काकांना घेऊन गेले. सोबत कोंडाजीचा चिवडा, कारण आप्पा त्यांच्याकडं कधी त्याशिवाय गेले नाहीत.

पॅटनचं विचारलं तर हसता हसता खोकला लागला. "तुझ्या आप्पानं पॅटन बघितला, पण लढाई मिटल्यावर. मोडका. आत डोकावून म्हणाला, सीट बरी आहे आपल्यापेक्षा."

त्यांची पलटण खेमकरणला नव्हतीच. सियालकोटच्या बाजूला, फिलोऱ्याच्या अंगाला होती. सुभेदार तोफेवर, आप्पा दारूगोळ्याच्या गाडीवर. पुढचा दीड तास मी फक्त लिहीत होते, तसंच उतरवते.

"आमची तोफ पंचवीस पौंडी. गोळा पंचवीस पौंडाचा, म्हणजे तुमचा सव्वाअकरा किलो. गोळा वेगळा भरायचा, काडतूस वेगळं. काडतुसात दारूच्या थैल्या, तांबडी, पांढरी, निळी. जवळ टाकायचं तर नुसती तांबडी ठेवायची, लांब टाकायचं तर तिन्ही. तोफेमागं लिंबर असतं, दोन चाकांची पेटी समज. त्यात बत्तीस गोळे. बत्तीस संपायला कितीसा वेळ लागतो? मग आम्ही मागं बघणार, आप्पा आला का. त्या दिवसांत आम्ही देवाची वाट नाही बघितली इतकी त्याची बघितली."

गाड्या रात्री यायच्या, दिवे बंद. मग मागचा पुढच्याला बघणार कसा? सुभेदारांनी माझी वही घेतली आणि ट्रकची मागची बाजू काढून दाखवली. मागच्या चाकांच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा असतो, तो पांढरा रंगवलेला. त्याच्यावर खाली तोंड केलेला एक बारीक दिवा. मागच्या ड्रायव्हरला रात्रभर दिसतो तो फक्त ताटलीएवढा पांढरा गोल. गोल जवळ आला तर ब्रेक, लांब गेला तर पाय दाबायचा, दिसेनासा झाला तर थांबून ऐकायचं. वरून विमानाला काही दिसत नाही.

मी लिहायची थांबले. आप्पांच्या सायकलीच्या मागच्या मडगार्डवर पांढरा गोल आहे. होता म्हणजे, आता फिका पडलाय. दर दिवाळीला ते स्वतः रंगवायचे. लॅम रोडनं रात्री मी पुढं आणि ते मागं असे यायचो तेव्हा माझ्याही सायकलीवर रंगवला होता. मला तो डाग आवडायचा नाही, मी त्यावर स्टिकर लावला होता.

निघताना सुभेदार म्हणाले, "२३ सप्टेंबरला पहाटे साडेतीनला तोफा थांबल्या. आप्पा स्टिअरिंगवर डोकं टाकून झोपलेला. थांबल्यावर जागा झाला आणि विचारतो, काय झालं?"

परतीच्या वाटेवर काका मोहदरीच्या घाटापर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "दादाला मी सांगतो."

११ नोव्हेंबर

माईंच्या फॅमिली पेन्शनचा पहिला नोव्हेंबर, म्हणजे हयातीचा दाखला. आधीच एका कार्यालयात तीन खेपा झाल्या आहेत. आप्पांच्या कागदांत माईंच्या नावाच्या स्पेलिंगात आय आहे आणि आधारवर डबल ई. आप्पांनी लग्नानंतर पलटणीत नोंद करून घेतली होती, त्या नोंदीची, म्हणजे पार्ट टू ऑर्डरची, नक्कल ट्रंकेतच निघाली, तिनं वाचवलं. सैन्यातल्या माणसाच्या घरच्यांना सांगून ठेवते : ती नक्कल आज शोधून ठेवा, माणूस असताना.

आज अंगठ्याचं मशीन. पाच वेळा लाल. माईंच्या बोटांच्या रेषा राखेनं भांडी घासण्यात आणि सारवण्यात गेल्या. मशीनवरचा मुलगा म्हणाला, आजी जोरात दाबा. माई उसळल्या : "अंगठा सोडून जमाना झाला मला. सही करते मी. कागद दे." शेवटी मोबाइलवर चेहरा दाखवून काम झालं. त्यात डोळे मिचकवायला सांगतात. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "या वयात परक्या पोराकडं बघून डोळे मिचकवायला लावले सरकारनं."

'अंगठा सोडून' म्हणजे काय ते विचारायचं राहिलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज पोचांचा गठ्ठा लावायला घेतला आणि जेवायचं भान राहिलं नाही.

ज्यांनी मनिऑर्डर पाहिली नाही त्यांच्यासाठी : फॉर्म एकच, पण पैसे पोचले की त्याचे तुकडे व्हायचे. कूपन पैसे घेणाऱ्याकडं राहायचं, त्यावर दोन ओळींचा निरोप. पोच घेणाऱ्याच्या सहीनिशी उलट पाठवणाऱ्याकडं जायची. आप्पांच्या ट्रंकेत १६३ पोचा आहेत, १९६१पासून. माईंनी दुपारी काही न बोलता देव्हाऱ्याखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून दिला. त्यात कूपनं. इतकी वर्षं एकाच घरात, एक माळ्यावर, एक देवाखाली.

रक्कम ३० रुपये, ३५, ४५. महिना चुकलेला नाही. १९६५चा सप्टेंबरसुद्धा नाही, फक्त त्याच्यावरचा शिक्का ऑक्टोबरचा.

सुरुवातीच्या सगळ्या पोचांवर अंगठा. निळसर जांभळा, कधी नीट, कधी फरकटलेला. शेजारी साक्षीदाराची सही, गावाकडं पणजोबांची मोडीवळणाची. जुलै १९६८मध्ये पत्ता बदलतो. माई पोरांना शाळेसाठी नाशिकला घेऊन आल्या, भांडीबाजारातल्या वाड्यात दोन खोल्या. आता साक्षीदार वाड्यातले भाडेकरू. तोच अंगठा.

फेब्रुवारी १९६९. अंगठा नाही. शिसपेन्सिलीनं आधी गिरवून वर शाईनं काढलेली सही. पाच अक्षरं, एकेक वेगळं उभं, जशी पोरं फोटोसाठी रांगेत उभी करतात.

डब्यात मार्चचं कूपन शोधलं. आप्पांचं बारीक, सरळ अक्षर : 'रु. ४५ पाठवत आहे. पोरीची फी पहिली भर. सही पाहिली. पहिली वेलांटी काढलीस, दुसरी हवी.'

एप्रिलची पोच. वेलांटी दुसरी. इतकी मोठी की पोस्टाच्या शिक्क्याला ओलांडून गेली आहे.

माईंना दाखवलं. चष्मा लावून बराच वेळ बघत होत्या. मग : "तुझ्या आत्यानं शिकवलं. पहिलीत होती. पाटीवर काढून द्यायची आणि चुकलं की मास्तरीण व्हायची. यांना आधी कळवलं नव्हतं. म्हटलं बघू तर, लक्ष जातं का." आणि थोड्या वेळानं, "त्याचं एवढं नाही वाटलं. पण काय माणूस! सीमेवर बसून वेलांटी बघतोय."

मुखपृष्ठ मिळालं. या दोन पोचा, एकीखाली एक, जशा आहेत तशा.

७ डिसेंबर

उरलेली पत्रं. यांत बातम्या घरच्या आहेत आणि जगाच्या तोंडी लावण्यापुरत्या. पणजोबांनी १९६३ साली कुणाकडून तरी लिहवून घेतलंय, 'यशवंतरावजी आपल्या नाशिकातून बिनविरोध गेले. तुमच्या खात्याचे मंत्री आता आपले खासदार. गाय व्याली.'

सप्टेंबर १९६९, गोदेचा मोठा पूर. वाड्यात पाणी शिरलं. माईंचं पत्र मिळायच्या आत आप्पांनी रेडिओवर ऐकलं असावं, कारण कूपनावर तारीख त्याच आठवड्याची आहे : 'भांडी गेली तर जाऊ दे. पोरांना वरच्या माडीवर ठेव. उसनं घेतलंस तर कुणाचं ते लिही.' मागच्या बाजूला माईंनी पेन्सिलीनं उसन्याचा हिशेब मांडलाय, आणि प्रत्येक ओळीवर फेडल्याची काट.

१९७१ची दोनच पत्रं, दोन्हींत 'मी ठीक आहे, तुम्ही काळजी करू नये' आणि मोठ्या काकांच्या गणिताच्या मार्कांवर अर्धं पान. पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल ही पदकं त्याच वर्षीच्या युद्धाची. जास्त लिहिण्यासारखं माझ्या हाती नाही, म्हणून एका परिच्छेदात उरकलं.

१९७८ला पेन्शनीत आले, सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या बसवर १५ वर्षं गाडी चालवली, त्यातून विहितगावचं घर. नोकरी २४ वर्षं, पेन्शन ४७. हा हिशेब ते स्वतःच सगळ्यांना ऐकवायचे आणि वर म्हणायचे, सरकार तोट्यात गेलं.

२१ डिसेंबर

गफलत. माझी. सहज माईंना म्हटलं, अजून दीड महिना आहे. त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडं बोट केलं. नवं वर्षसुद्धा आणून टांगलेलं. "श्राद्ध तिथीनं असतं का तारखेनं?" आप्पा गेले ९ फेब्रुवारीला, माघ शुद्ध द्वादशी. यंदा ती ३० जानेवारीला. दहा दिवस गेले. छापखान्याला फोन, दर तोच, पण मजकूर १० तारखेच्या आत हवा. कंपनीत दुसऱ्यांच्या तारखा तपासत बसते आणि घरचीच चुकले.

११ जानेवारी २०२६

काल मजकूर दिला, आज प्रूफ आलं. दादा प्रूफ वाचायला बसला होता. 'ढाण्या वाघ' गेलाय हे त्यानं बघितलं, काही बोलला नाही. सुभेदारांचं पान दोनदा वाचलं. मग म्हणाला, "ताटलीएवढा गोल. हे भारी आहे." बॅनर मात्र होणारच आहे, रणगाडा काढून ट्रक टाकणार. तडजोड मान्य. शुभेच्छुकवर अजून बोलणी चालू.

माईंनी ३२ पानं दोन दिवस पुरवून वाचायची ठरवली आणि चौथ्या पानावर अडल्या. फाँट बदलताना छापखान्यात त्यांच्या नावाची वेलांटी पहिली झाली होती. माझ्या नजरेतून सुटली, दादाच्याही. त्यांनी माझं लाल पेन मागून घेतलं आणि स्वतः दुरुस्त केली. हात कापतो, पण वेलांटी अगदी शिरोरेघेच्या वरून घेतली. ते प्रूफ छापखान्याला परत दिलं नाही, फोटो काढून पाठवला.

३० जानेवारी

श्राद्ध झालं. १५० पैकी १३८ प्रती गेल्या. एका पाहुण्यांनी विचारलं, मुखपृष्ठावर पावत्या कशाला? आत्यानं त्यांना कोपऱ्यात नेऊन सगळं सांगितलं, स्वतःच्या पाटीसकट. डबीतली पदकं काळीच ठेवली होती टेबलावर. स्कॅनच्या दोन हार्ड डिस्क, एक माझ्याकडं, एक धाकट्या काकांकडं. ट्रंक आणि बिस्किटांचा डबा माईंच्या खोलीत, शेजारी शेजारी. फोटोंखालचे दोन मथळे चुकले आहेत, नावांची यादी करून ते पुढच्या प्रतींत सुधारायचे आहेत.

दादानं आप्पांची सायकल धुऊन, तेल घालून अंगणात उभी केली होती आणि मागच्या मडगार्डावरचा गोल नव्यानं पांढराशुभ्र रंगवला होता. सुभेदार गाडीतून उतरले ते आधी तिच्याकडं गेले. मागं जाऊन उभे राहिले, चार पावलं मागं सरकले, परत आले. काठीच्या टोकानं गोल मापला.

"कुणी रंगवला?"

दादा पुढं झाला.

"मोठा झालाय रे," सुभेदार म्हणाले. "एवढा वरूनपण दिसंल."